‘निघालोच’, ‘उद्या देतो’ आणि ‘होय तर होय’

लातूरकडच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. तो कृषी सेवा केंद्रात काउंटरवर बसतो आणि रविवारी उपासनेला जातो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: “तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही असावं, असं प्रभू सांगतो. पण दिवसभरात माझ्या तोंडून किती खोटं जातं! फोनवर ‘निघालोच’, उसने मागणाऱ्याला ‘हातात काहीच नाही’, गिऱ्हाइकाला ‘शेवटचीच बॅग आहे’, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ‘तुमच्यासाठी प्रार्थना करतो’. खरं बोलायला गेलं की लोक म्हणतात, हा तुसडा झाला. मग हे पाळायचं कसं?”

आधी त्या ओळीकडे नीट पाहू, कारण ती बहुतेक वेळा तोडून वाचली जाते. बायबलमधला मत्तय 5:33 ते 37 हा सगळा उतारा शपथांबद्दल आहे. त्या काळी शपथांना पायऱ्या पडल्या होत्या: स्वर्गाची शपथ, पृथ्वीची, यरुशलेमची, स्वतःच्या डोक्याची. मत्तय 23:16 मध्ये तर मंदिराची शपथ घेतली तर माणूस बांधला जात नाही, पण मंदिरातल्या सोन्याची घेतली तर बांधला जातो, असा हिशोब आहे. कोणती शपथ मोडली तर चालते, याचं कोष्टकच म्हणा. येशू ते कोष्टकच मोडीत काढतो. आपलंही कोष्टक आहेच की. ‘खरं सांगतो’ सगळ्यात खाली, मग ‘देवाशप्पथ’, मग ‘आईशप्पथ’, त्यावर लेकराच्या डोक्यावर हात, आणि ख्रिस्ती घरात सगळ्यात वर ‘बायबलवर हात ठेवून सांगतो’. बायबलवर हात ठेवून सांगितलेलं तेवढं खरं असेल, तर सकाळपासून हात न ठेवता जे बोललो ते काय होतं?

म्हणून पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट करा. ‘खरं सांगतो’, ‘शपथ’, ‘विश्वास ठेव माझ्यावर’ एवढे तीन शब्दप्रयोग बंद. बाकी काही सुधारायला जाऊ नका. होतं असं, की जिथे जीभ आपोआप या शब्दांकडे जाते तिथेच आपलं वाक्य पोकळ असतं, आणि ते तुमचं तुम्हालाच दिसायला लागतं. येशूचा शिष्य पेत्र, त्याचं पाहा, मत्तय 26 मध्ये. येशूला पकडल्यावर ‘तूही त्याच्यासोबत होतास’ असं दासीने हटकलं तेव्हा पहिल्यांदा तो नुसतं ‘तू काय म्हणतेस ते मला कळत नाही’ म्हणाला. दुसऱ्यांदा शपथ घालून नाकारलं. तिसऱ्यांदा शाप आणि शपथा दोन्ही. खोट्याला टेकू लागत गेला तसतशी शपथ वाढली.

(कोर्टात काय करायचं, असं बरेच जण विचारतात. बहुतेक मंडळ्या कोर्टातली शपथ मान्य करतात, कारण येशूच्या चौकशीत महायाजकाने जिवंत देवाची शपथ घालून विचारलं तेव्हा येशूने उत्तर दिलं. क्वेकर आणि मेनोनाइट हे ख्रिस्ती पंथ मानत नाहीत. ज्यांना नको वाटतं त्यांना 1969 च्या शपथ कायद्याने शपथेऐवजी प्रतिज्ञेवर साक्ष देता येते. तसं सांगायचं, वाद घालायचा नाही.)

आता दुसऱ्या टोकाची चूक. वचन मनावर घेतलेली काही माणसं लगेच भाषेशीच भांडायला उठतात. घरातून निघताना ‘येतो’ म्हणायचं नाही, कारण आपण तर जातोय. एस.टी.च्या कंडक्टरला ‘मामा’ म्हणायचं नाही, कारण तो आईचा भाऊ नाही. पाहुण्याला ‘घर तुमचंच आहे’ म्हणायचं नाही, कारण उतारा आपल्या नावावर आहे. यातलं काहीच खोटं नाही. ख्रिस्ती धर्माचार्य ऑगस्टीनने इ.स. 395 च्या सुमारास खोटेपणावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं, आणि सगळंच खोटं पाप आहे असं मानणारा तो कडक माणूस. पण त्यानेही सुरुवातीलाच थट्टा बाजूला काढली, कारण तिथे फसवायचा हेतू नसतो. मात्र ऐकणाऱ्यालाही ती थट्टा आहे हे कळलं पाहिजे. शेजाऱ्याला फसवून वर ‘मी तर गंमत केली’ म्हणणाऱ्याला नीतिसूत्रे 26 मध्ये पेटती कोलितं फेकणाऱ्या वेड्याची उपमा दिली आहे.

रोजच्या वापरासाठी एक कसोटी पुरते: हे वाक्य ऐकून समोरचा माणूस काय करणार आहे? ‘येतो’ ऐकून कुणी दार उघडं ठेवून बसत नाही. पण ‘निघालोच’ ऐकून माणूस स्टँडवर येऊन उन्हात उभा राहतो. पहिली भाषेची रीत झाली, दुसऱ्यात त्याचा अर्धा तास गेला.

‘जेवण झालं का?’ हा प्रश्न बरोबर मधल्या बांधावरचा आहे. दुपारी दीडला कुणाच्या घरी गेलात, पोटात सकाळच्या चहाशिवाय काही नाही, आणि मावशी विचारतात. तोंडातून आपसूक निघतं, ‘झालं, आत्ताच झालं.’ मावशी ओळखतात, आग्रह करतात, तुम्ही दोनदा नाही म्हणता, तिसऱ्यांदा बसता. एवढंच असेल तर तो खेळ दोघांनाही पाठ आहे आणि कुणी फसत नाही. पण मावशींनी विश्वास ठेवला तर तुम्ही उपाशी राहता. नाही ठेवला तर तुमच्या ‘झालं’ या शब्दाला त्या घरात किंमत नाही, हे ठरलं. पुढच्या वेळी खरोखर पोट भरलेलं असेल तेव्हाही त्या तवा चढवणारच. यावर उपाय बोलण्याच्या बेतात आहे. ‘भूक आहे मावशी, पण भाकरी टाकायला बसू नका, असेल ते चालेल.’ किंवा ‘जेवण राहिलंय, पण घाईत आहे, चहा द्या फक्त.’ मराठवाड्यातल्या कुठल्याही घरात याला कुणी हावरट म्हणत नाही. उलट घरच्या बाईला भाकरी किती टाकायच्या हे कळतं, आणि पीठ मळताना तिला तेच हवं असतं.

बहुतेक रोजचं खोटं हे दुष्टपणाचं नसतंच. ते ‘नाही’ म्हणता येत नाही म्हणून आलेलं असतं. ‘नाही’ गिळायचं म्हणून ‘बघू’, ‘करू’, ‘उद्या’, ‘निघालोच’. त्यामुळे खरेपणाचा सराव मुख्यतः ‘नाही’ म्हणण्याचा सराव आहे, आणि तो तीन ठिकाणी लागतो: फोनवर, पैशाच्या बाबतीत, आमंत्रणाच्या बाबतीत.

फोन सगळ्यात सोपा. ‘कुठं आहेस?’ या प्रश्नाला दोनच गोष्टींचं उत्तर द्यायचं, ठिकाण आणि मिनिटं. ‘येऊलालो, वाटेतच आहे’ यात दोन्ही नाहीत. ‘अजून घरीच आहे, गाडीला किक मारून पंचवीस मिनिटं धर’ यात दोन्ही आहेत. मिनिटं सांगताना स्वतःला वाटतात त्यात दहा मिळवा. माणूस स्वतःच्या वेगाबद्दल नेहमी आशावादी असतो. हे करताना एक अडचण येते: पहिल्या दोन-तीन वेळा समोरचा चिडतो. ‘अजून घरीच?’ ती चीड घ्यायची. ‘गाडी पंक्चर झाली’ हे दुसरं खोटं ती चीड टाळण्यासाठीच जन्माला येतं.

पैशाचं जरा सविस्तर बोलायला हवं. हातउसने मागणाऱ्याला आपण ‘हातात काहीच नाही’ म्हणतो. आठ दिवसांनी त्याला तुमच्या दारात नवीन फ्रीज उतरताना दिसतो. पैसे न दिल्याचा राग त्याला कमी असतो, खोटं बोलल्याचा जास्त. इथे बारकाईने पाहिलं तर कळेल, की खोटं नकारात शिरत नाही. ते कारणात शिरतं. नकार खराच होता, कारण रचलेलं होतं. म्हणून नकार द्या, कारण देऊ नका. ‘अण्णा, या वेळी मला देता येणार नाहीत.’ पुढे गप्प. तो ‘का?’ विचारेल. तेव्हाही नवीन कारण शोधायचं नाही: ‘पैसे आहेत, पण लेकरांच्या फीसाठी बाजूला काढलेत,’ हे खरं असेल तर म्हणा, नसेल तर ‘देता येणार नाहीत, एवढंच समजून घ्या.’ मग जे खरोखर करू शकता ते जोडा. पाच हजार नाही, पण पाचशे परत न मागता देऊ शकत असाल तर तसं सांगा. दवाखान्यात सोबत येऊ शकत असाल तर तेही. नकारानंतरची शांतता तीन-चार सेकंदांची असते, पण फार लांब वाटते. बहुतेक माणसं ती भरून काढण्याच्या नादात खोटं बोलतात.

उलट बाजूने, तुम्ही घेणारे असाल तर ‘सोयाबीनचं आलं की देतो’ ही तारीख नव्हे. सोयाबीन दसऱ्याच्या आगेमागे निघतं, मग ओलावा, मग मोंढ्यातला भाव, मग ‘भाव वाढू दे’ म्हणून घरात थप्पी. ऊसबिलाचंही तसंच, कायद्याने 14 दिवसांत बिल यायला हवं, पण अनेकदा लांबतं, आणि कारखान्याच्या शब्दावर आपला शब्द बांधला की दोन्ही मोडतात. वचनात तीन भाग हवेत: रक्कम, तारीख, आणि तारीख चुकली तर काय. ‘दिवाळीच्या आदल्या रविवारपर्यंत पाचातले दोन हजार देतो. राहिलेले तीन संक्रांतीला. नाही जमलं तर तारखेच्या दोन दिवस आधी मीच फोन करीन.’ हा तिसरा भाग लोक गाळतात आणि सगळं तिथेच बिघडतं. पैसे बुडवायचे म्हणून कुणी फोन उचलायचं बंद करत नाही; लाजेने बंद करतो, आणि मग त्या लाजेलाच बुडवेपणा म्हटलं जातं. दोन दिवस आधीचा फोन वाईट बातमी असतो, पण त्यात तुमचा शब्द जिवंत राहतो. स्तोत्र 15 मध्ये देवाच्या मंडपात कोण राहील याची यादी आहे, आणि त्यात स्वतःचं नुकसान होत असलं तरी दिलेला शब्द न फिरवणारा माणूस आहे.

शब्द दिल्यावर परिस्थिती बदलली तर तो खोटा ठरतो का? नाही. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीकडे येण्याचा बेत बदलला तेव्हा तिथल्या लोकांनी त्याला हेच ऐकवलं, की याचं ‘होय होय’ आणि ‘नाही नाही’ एकाच वेळी चालतं. 2 करिंथ 1 मध्ये तो बेत का बदलला ते स्पष्ट सांगतो. खोटं ठरतं ते बोलतानाच्या मनावरून. बोलताना द्यायचा विचार होता आणि पाऊस पडला नाही, हे वेगळं. बोलतानाच माहीत होतं की जमणार नाही, हे वेगळं.

लग्नाच्या आमंत्रणाला ‘नक्की येतो’ म्हणून न जाणारे आपण, मत्तय 21:28 मधला ‘जातो’ म्हणून न जाणारा मुलगा आपणच. बाप म्हणाला द्राक्षमळ्यात जा. एक ‘जात नाही’ म्हणाला आणि नंतर गेला, दुसरा ‘जातो महाराज’ म्हणाला आणि गेलाच नाही. किती अदबीने बोलला बघा, ‘महाराज’ म्हणून! आमंत्रणाला तीनच उत्तरं ठेवा: ‘येतो’, ‘येता येणार नाही, पण आठवड्याने घरी येऊन नवरा-नवरीला भेटतो’, आणि ‘शुक्रवारपर्यंत कळवतो’. तिसरं दिलंत तर शुक्रवारी कळवायचंच. जेवणाचं ताट मोजून ठरवलेलं असतं.

आता अवघड भाग. खरं बोलणं म्हणजे सगळ्यांना सगळं सांगणं नव्हे. लेकराला ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग’ असं शिकवतो तेव्हा आपण त्याच्याकडून खोटं बोलवून घेतो, आणि तेही आपल्यासमोर. ‘बाबा आत्ता बोलू शकत नाहीत, संध्याकाळी फोन करतील’ हे वाक्य तितकंच सोपं आहे आणि खरं आहे. संध्याकाळी मात्र फोन करायला हवा. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या परिच्छेद 2489 मध्ये स्पष्ट म्हटलंय, की ज्याला जाणून घ्यायचा हक्क नाही त्याला सत्य उघड करण्याचं बंधन कुणावर नाही. गप्प राहणं, विषय बदलणं, ‘हे मी सांगणार नाही’ म्हणणं, हे सगळं मोकळं आहे. मनातल्या मनात एक शब्द जोडून वाक्य खरं करायची युक्ती मात्र नाही. ‘माझ्याकडे पैसे नाहीत’ म्हणायचं आणि मनात ‘तुला द्यायला’ जोडायचं, असल्या पळवाटा पोप इनोसंट अकरावे यांनी 1679 मध्येच दोषी ठरवल्या. तेव्हाही लोक आपल्यासारखेच हुशार होते, एवढंच यातून कळतं.

जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहोफर यांनी नाझींच्या तुरुंगात असताना एक उदाहरण मांडलं होतं. शिक्षक भर वर्गात मुलाला विचारतो, तुझा बाप दारू पितो ना? मूल ‘नाही’ म्हणतं. बाप पितो. बोनहोफर दोष शिक्षकाला देतात, कारण घरातली गोष्ट चारचौघांत ओढायचा त्याला हक्कच नव्हता. आपल्या गल्लीत, बचत गटात, मंडळीच्या ओट्यावर हा शिक्षक रोज भेटतो. मोठ्या माणसाला मात्र त्या मुलापेक्षा जास्त शब्द येतात. ‘घरातलं घरात राहू द्या काकू’ एवढं म्हटलं की पुरतं, ‘नाही’ म्हणायची गरज पडत नाही.

इब्री सुइणी शिप्रा आणि पुवा यांनी नवजात मुलगे वाचवायला मिसरच्या राजाला, फारोला, खोटं सांगितलं, राहाबेने यरीहोत इस्राएलचे हेर लपवून शिपायांना चुकवलं, आणि शास्त्र त्यांच्या देवभयाचं आणि विश्वासाचं कौतुक करतं. ऑगस्टीन म्हणाला, कौतुक दयेचं आहे, खोट्याचं नव्हे. इतरांनी तितकं कडक धरलं नाही. हा वाद सुटलेला नाही. पण तो जीव वाचवण्याचा आहे. दारूच्या नशेत बायकोला शोधत आलेल्या नवऱ्याला ती शेजारच्या घरात आहे हे सांगायचं नसतं, एवढ्यापुरता तो आपल्या कामाचा. उधारीवाल्याला टाळण्यासाठी राहाबेला मध्ये आणू नये.

आजारपणात घरचे म्हणतात, आजीला कॅन्सरचं सांगू नका, धसका घेईल. इथे पहिलं काम आजीला विचारणं. ‘आज्जी, डॉक्टर काय म्हणाले ते सगळं ऐकायचंय का तुम्हाला, का पोरांशीच बोलू दे त्यांना?’ अनेक म्हाताऱ्या ‘तुम्हीच बघा रे’ म्हणतात. मग न सांगणं ही तिचीच इच्छा झाली. पण तिने सरळ विचारलं, ‘मला कॅन्सर आहे का रे?’ तर ‘साधी गाठ आहे’ म्हणू नका. हळू, थोडं थोडं, पण खरं. केमोसाठी संभाजीनगरच्या कॅन्सर रुग्णालयाच्या पायऱ्या चढताना बोर्ड तिलाही दिसतो, स्वतःला वाचता येत नसेल तर शेजारची बाई वाचून दाखवते. मग घरातल्या सगळ्यांना माहीत होतं आणि आपल्यालाच नाही, हे तिला आजारापेक्षा जास्त लागतं. शेवटचं बोलणं, पाळकांना बोलावणं, वाटण्या सांगणं, यासाठीही तिला तो वेळ हवा असतो.

सोयरीक जमवताना अर्धसत्याचा पूर येतो. अब्राहामाने बायको सारेला बहीण म्हटलं, आणि उत्पत्ती 20:12 प्रमाणे ती सावत्र बहीण होतीच. वाक्य खरं, पण त्यावर विसंबून तिला नेणाऱ्या अबीमलेख राजाचं घर बुडायची वेळ आली. ‘मुलगा सरकारी खात्यात आहे’ म्हणजे अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. ‘पाच एकर बागायत’ म्हणजे सातबारावर चार भावांची नावं आणि बोअर आटलेला. बायोडाटा तुम्ही लिहीत असाल तर पाच गोष्टी समोरच्याने विचारायच्या आत सांगा: नोकरी कायम की कंत्राटी, जमीन कुणाच्या नावावर, कर्ज, कायमचा आजार (फिट आणि शुगर सगळ्यात जास्त लपवतात), आणि आधी झालेलं किंवा मोडलेलं लग्न. आणि कुणी तुम्हाला दुसऱ्याच्या मुलाबद्दल विचारायला आलं तर ‘मी पाहिलंय’ आणि ‘मी ऐकलंय’ यांत फरक ठेवा. पाहिलेलं, लग्नाशी संबंधित असलेलं, विचारलेलं तेवढं सांगा. ऐकलेलं सांगू नका. ‘त्यांनाच विचारा’ म्हणा. लेवीय 19:16 मध्ये चहाडी करत फिरण्याची मनाई आणि शेजाऱ्याच्या जिवावर उठण्याची मनाई एकाच ओळीत आहे, ते उगीच नाही.

मंडळीतलं खोटं सगळ्यात पवित्र दिसतं, म्हणून सगळ्यात उशिरा सापडतं. ‘प्रार्थना करतो’ हे ‘उद्या देतो’चं रविवारचं रूप. उपाय एकच: तिथेच, चप्पल घालता घालता, त्याचा हात धरून अर्धा मिनिट प्रार्थना करा. शब्द तिथल्या तिथे फिटतो. प्रार्थनेच्या विनंतीत चहाडी घुसते ती वेगळी: ‘अमक्या ताईंसाठी प्रार्थना करा, त्यांच्या घरात काय चाललंय तुम्हाला माहीतच आहे.’ ज्याची गोष्ट त्याला आधी विचारल्याशिवाय नाव घ्यायचं नाही. परवानगी मिळाली तरी नाव आणि गरज एवढंच सांगा, खुलासा नको. साक्ष देताना ‘डॉक्टरांनी हात टेकले होते’ असं म्हणायच्या आधी डॉक्टर नेमकं काय म्हणाले ते आठवा, आणि गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. देवाचं काम मोठं दाखवायला आपल्या मिठाची गरज नसते. ईयोब 13:7 मध्ये ईयोब मित्रांना हेच सुनावतो: देवासाठी तुम्ही खोटं बोलणार का? आणि ‘देवाने मला सांगितलं’च्या जागी ‘मला असं वाटतं’ म्हणा. समोरच्याला नाही म्हणायची जागा राहते.

शिक्षणासाठी लातूरला किंवा नांदेडला खोली शोधणाऱ्या पोरांना आणखी एक प्रश्न येतो: ‘समाज कोणता?’ यामागे दुखणं जुनं आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्या दलिताचा अनुसूचित जातीचा दर्जा जातो, त्यामुळे कागदावर एक आणि घरात एक असं जगणारी कुटुंबं आहेत. कागदाचा प्रश्न वकिलाला विचारावा, चौकात सोडवू नये, आणि व्यासपीठावरून त्यांना खोटारडे म्हणणं तर मुळीच नको. बोलण्यापुरतं एवढं: ‘भाडं वेळेवर देईन, कॉलेजचं ओळखपत्र दाखवतो’ म्हणून प्रश्न टाळायला हरकत नाही. पण ‘ख्रिश्चन आहेस का?’ असं सरळ विचारलं तर ‘होय’. पेत्राची कहाणी तिथेच सुरू होते, शेगडीपाशी, एका साध्या प्रश्नावर.

तोंडावर बोलणाऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. ‘मी बाबा स्पष्ट बोलतो’ हे बहुतेक वेळा स्वतःच्या रागाला दिलेलं चांगलं नाव असतं. इफिस 4:15 मध्ये सत्य प्रेमाने बोलायला सांगितलंय, आणि मत्तय 18:15 प्रमाणे आधी एकटं गाठायचं. एकाच घटनेबद्दल बोला, ‘तू नेहमीच’ हा शब्द गाळा, जेवणाच्या ताटावर आणि पाहुण्यांसमोर बोलू नका, आणि बोलून झालं की पुन्हा तेच उगाळू नका.

खोटं बोलून झाल्यावर काय? शक्य तर त्याच दिवशी, ज्याला सांगितलं त्याच्याकडेच: ‘मघाशी मी असं म्हणालो, ते खरं नव्हतं. खरं असं आहे.’ दोन वाक्यं. ‘कारण त्या वेळी…’ हे तिसरं वाक्य जोडलंत की पहिली दोन पातळ होतात. पैशाचं नुकसान झालं असेल तर भरून द्या. गणना 5:7 मध्ये मूळ रकमेवर पाचवा हिस्सा जास्त सांगितलाय, म्हणजे हजाराला बाराशे. जकातदार जक्कयाने चौपट कबूल केलं, ते त्याच्या मनाचं. कबुलीने तिसऱ्याच माणसाचं घर मोडणार असेल तर आधी पाळकांशी किंवा फादरशी बोला, मग ठरवा. आणि खोटं बोलून जागीच मेलेल्या हनन्या-सप्पीरा या जोडप्याची भीती घालणाऱ्यांनी प्रेषितांची कृत्ये 5:4 नीट वाचावं. पैसे मागे ठेवायला त्यांना मोकळीक होती. मागे ठेवून ‘सगळं दिलं’ असं दाखवणं, हे त्यांचं पाप.

राहिलं दुकान. घासाघीस हे खोटं नाही. नीतिसूत्रे 20:14 मधलं गिऱ्हाईकही ‘वाईट आहे, वाईट आहे’ म्हणतं आणि घरी जाऊन फुशारकी मारतं. तुम्ही आकडा सांगता, तो कमी सांगतो, दोघांनाही रीत ठाऊक. पण ‘खरेदीच एवढ्याची आहे’ हे विधान झालं, भाव नव्हे. ते खोटं असेल तर म्हणू नका. ‘याच्या खाली देत नाही’ म्हणा, ते तुमच्या हातात आहे. ‘शेवटचीच बॅग’ मागे खरोखर एकच असेल तेव्हाच. सगळ्यात वाईट ते ‘युरिया नाही’, गोदामात थप्पी असताना, सोबत दुसरं काही घ्यायला लावायचं म्हणून. पावसाची उघडीप मिळाली आणि खत मिळालं नाही, तर त्या शेतकऱ्याचा वाफसा पुन्हा येत नाही. शिवाय तो वीस किलोमीटरवरून तिकीट काढून आलेला असतो.

मालक तसं म्हणायला सांगत असेल तर गिऱ्हाइकासमोर वाद नको. रात्री हिशोब झाल्यावर एकटं गाठा आणि काय करणार नाही यासोबत काय करणार तेही सांगा: ‘शेठ, माल असताना नाही म्हणणं माझ्याच्यानं होणार नाही. तुम्हाला जे विकायचंय त्याचे फायदे मी मनापासून सांगीन, पण युरियाचं कुणी विचारलं तर तुमच्याकडे पाठवीन.’ काही मालक चिडतात, काही तुम्हाला काउंटरवरून गोदामात हलवतात. पण उधारीची वही आणि गल्ला कुणाच्या हातात द्यायचा असा प्रश्न आला, की तेच मालक गोदामातल्या त्या पोराला हाक मारतात. त्यांनी मारली नाही, तर पंधरा दिवस दुसरीकडे काम बघा, आणि सोडताना ‘गावाकडं काम आहे’ असं सांगू नका.